गाठ हाताला लागत नाही, मग शस्त्रक्रिया कशासाठी?

प्रथम एक हिशेब करू या. कागद आणि पेन्सिल जवळ घ्या.

तीन सेंटिमीटर व्यासाचा एक गोल आहे, मोठ्या आवळ्याएवढा. त्याचे घनफळ काढा. सूत्र तुम्हाला पाठ आहेच. उत्तर सुमारे १४ घन सेंटिमीटर येईल. आता समजा, हा गोल म्हणजे कर्करोगाची गाठ आहे. अशा गाठीच्या एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे १०० कोटी पेशी असतात, असे पुस्तकांतून बरीच वर्षे सांगितले जात आले आहे. अलीकडचे काही अंदाज १० कोटींच्या आसपास आहेत. आपण जुनाच आकडा घेऊ. दहापट फरक पडला तरी पुढच्या युक्तिवादाला बाध येत नाही, हे तुम्ही स्वतः पडताळून पाहा. म्हणजे आपल्या गाठीत १,४०० कोटी पेशी झाल्या.

या गाठीवर आता रसायनोपचार सुरू केला. यालाच सगळे ‘केमो’ म्हणतात. औषध बहुधा शिरेतून देतात आणि दोन फेऱ्यांमध्ये पुष्कळदा २१ दिवसांचे अंतर ठेवतात. एका फेरीत किती पेशी मरत असतील? येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की औषध ठरावीक संख्येने पेशी मारत नाही. ते ठरावीक प्रमाणात मारते. हॉवर्ड स्किपर या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर प्रयोग करून हा नियम मांडला. आम्हा भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांना यात जुना मित्र भेटल्यासारखे वाटते. किरणोत्सर्गी पदार्थाचे असेच नाही का? एका अर्धायुकालात निम्मे अणू उरतात, पुढच्या अर्धायुकालात त्या निम्म्याचे निम्मे. शून्य काही लवकर येत नाही.

समजा, मधल्या दिवसांतली वाढ जमेस धरून प्रत्येक फेरीअखेर ३० टक्के पेशी उरतात. हा आकडा केवळ उदाहरणाचा आहे. तीन फेऱ्यांनंतर ०.३ चा घन, म्हणजे ०.०२७ इतका भाग उरेल. १,४०० कोटींच्या जागी सुमारे ३८ कोटी पेशी. पण व्यास किती उरला? घनमूळ काढा. व्यास ०.३ पट, म्हणजे ९ मिलिमीटर झाला. आवळ्याचा हरभरा झाला. आठ फेऱ्या पुऱ्या झाल्यावर व्यास सुमारे १.२ मिलिमीटर राहील. मोहरीच्या दाण्याएवढा! आणि त्या मोहरीत पेशी किती? जवळजवळ ९ लाख.

बोटांनी चाचपून साधारण एक सेंटिमीटरच्या आतली गाठ सापडणे फार कठीण. म्हणजे आपल्या उदाहरणातली गाठ तिसऱ्या फेरीनंतरच हाताला लागेनाशी झाली. उरलेल्या पाच फेऱ्या औषध डोळ्यांआड, हातांआड काम करीत होते.

हा हिशेब मी प्रथम एका घराच्या ओटीवर केला. पुणे जिल्ह्यातील वेल्हे भागात, तोरणा आणि राजगड या किल्ल्यांच्या परिसरात विंझर नावाचे गाव आहे. भाताचा मुलूख. तेथे आमची एक आत्या राहते. तिच्या स्तनात गाठ निघाली आणि तपासणीत तो कर्करोग ठरला. डॉक्टरांनी आधी रसायनोपचार आणि मग शस्त्रक्रिया असा क्रम सांगितला. आठ फेऱ्या जूनमध्ये संपल्या. केस गेले होते, जिभेची चव गेली होती, पण गाठही गेली होती. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली ती नेमकी भातलावणीच्या दिवसांतली. आत्याचे म्हणणे सरळ होते. “आरं, गाठच लागंना झाली, मंग आता कापायचं काय? भात घरात येऊ दे, दिवाळीनंतर बघू.”

हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न विचारला आहे आणि त्याचे उत्तर काढण्यासाठी हजारो स्त्रियांच्या सहकार्याने प्रयोग केले आहेत.

आधी औषध, मागाहून सुरी

पूर्वी क्रम उलटा असे. गाठ दिसली की कापायची, मग औषधाचा विचार. १९७० नंतरच्या दशकात इटलीतील मिलान येथे आणि इतरत्र डॉक्टरांनी फार वाढलेल्या, कापता न येणाऱ्या गाठींना आधी औषध देऊन पाहिले. गाठी लहान झाल्या आणि शस्त्रक्रिया शक्य झाली. मग लहान गाठींनाही आधीच औषध दिले तर? १९८८ ते १९९३ या काळात अमेरिकेत १,५२३ स्त्रियांवर याची पारख झाली. निम्म्यांना औषध शस्त्रक्रियेच्या आधी दिले, निम्म्यांना नंतर. औषधे तीच, फेऱ्या त्याच. आयुष्य दोन्ही गटांत सारखेच लाभले. फरक दुसरीकडे पडला. आधी औषध घेतलेल्यांपैकी १०० पैकी ६८ जणींचा स्तन राखून फक्त गाठीची जागा काढता आली. दुसऱ्या गटात हे प्रमाण १०० पैकी ६० होते.

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. आधी औषध घेतलेल्यांपैकी १०० पैकी सुमारे १३ जणींच्या काढलेल्या भागात कर्करोगाची एकही आक्रमक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली सापडली नाही. आजच्या औषधांनी काही प्रकारच्या गाठींत हे प्रमाण याहून पुष्कळ जास्त असते. मग अशांना तरी कापायला नको होते ना? खरे आहे. पण ‘पेशी नाहीत’ हे कळले केव्हा? तो भाग काढून तपासल्यानंतर! अडचण आहे ती येथे. सुईने अनेक ठिकाणचे नमुने घेऊन हे आधीच ओळखता येईल का, याचे प्रयोग चालू आहेत. २०२२ मध्ये अमेरिकेतून ५० स्त्रियांच्या अशा एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातल्या ३१ जणींच्या नमुन्यांत काहीच सापडले नाही, म्हणून त्यांची शस्त्रक्रिया टाळून किरणोपचार दिले, आणि तोवरच्या काळात त्यांच्यापैकी कोणाचाही रोग तेथे उलटला नव्हता. पन्नास ही संख्या लहान आहे आणि काळही थोडा आहे. अशा प्रयोगावरून कोणी घरी बसून निर्णय घेऊ नये.

परळचा प्रयोग

आता आपल्याकडचे पाहू. मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय आहे. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. (याच तारखेला, १९२८ साली, रामन परिणामाचा शोध लागला होता, म्हणून आज आपण तो दिवस विज्ञान दिन म्हणून पाळतो. योगायोगच!) १९६२ पासून हे रुग्णालय अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत आहे. तेथील शल्यविशारद डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमच्या आत्याच्या प्रश्नाची दुसरी बाजू तपासली. रोग स्तनापुरता न राहता हाडांत, यकृतात, फुप्फुसांत पोचला आहे, रसायनोपचाराला चांगला प्रतिसाद मिळाला आहे, अशा वेळी स्तनातली मूळ गाठ कापून आयुष्य वाढते का?

२००५ ते २०१३ या काळात अशा ३५० स्त्रिया या प्रयोगात सहभागी झाल्या. कोणाची शस्त्रक्रिया करायची आणि कोणाची नाही, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. तसे केले नाही, तर डॉक्टर नकळत धडधाकट रोग्यांचीच शस्त्रक्रियेसाठी निवड करतील आणि निष्कर्ष फसवा निघेल. २०१५ मध्ये उत्तर प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया झालेल्या गटाचे मध्यक आयुष्य १९.२ महिने आणि न झालेल्या गटाचे २०.५ महिने. म्हणजे शस्त्रक्रियेने काहीही लाभ झाला नव्हता. ‘करू नये’ हे सिद्ध करणारा प्रयोग कमी मोलाचा असतो असे कोणी समजू नये. त्यामुळे पुढच्या कितीतरी रोग्यांच्या अंगावरचा एक मोठा घाव आणि घरावरचा खर्च वाचला.

मग विंझरच्या आत्याला शस्त्रक्रिया का हवी? कारण तिच्या तपासण्यांत रोग स्तन आणि काख यांच्या पलीकडे गेलेला दिसला नव्हता. उरलेल्या काही लाख पेशी एकाच ठिकाणी होत्या. शेतातले सगळे तण एका बांधालगत असेल, तर तो तुकडा खणून काढण्यात अर्थ आहे. सगळ्या शिवारात बी पसरले असेल, तर एक तुकडा खणून काय होणार?

आणि दिवाळीपर्यंत थांबायला हरकत कोणती? येथे नुसत्या पेशींच्या संख्येने घाबरून जाण्याचे कारण नाही. चार महिन्यांत ९ लाखांच्या अनेकपट झाल्या, तरी गाठ पुन्हा लहानच असेल. पण उरलेल्या पेशी कोणत्या, हे पाहिले पाहिजे. ज्या औषधाला बधल्या नाहीत, त्याच उरल्या. म्हणून मघाचा आपला सरळ हिशेब पुढे पुढे बिघडतो. सगळ्याच पेशी सारख्या भेकड नसतात. अशा चिवट पेशींपैकी एखादी रक्तातून हाडात जाऊन रुजली, की परळच्या त्या ३५० जणींची स्थिती आली. हे आत्याला सांगितल्यावर तिने बराच वेळ सुपातल्या दाण्यांत बोटे फिरवली आणि मग “लावणीचं कोण बघंल?” एवढेच विचारले. अर्थात तिचा बेत अर्धा बदलला होता. भावकीने इर्जिक केली आणि तिची खाचरे दोन दिवसांत लावून टाकली.

मधले चार आठवडे

मग दुसऱ्या टोकाचा प्रश्न येतो. इतकी घाई आहे, तर शेवटच्या फेरीच्या दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया का करीत नाहीत? कारण रसायनोपचाराची बहुतेक जुनी औषधे झपाट्याने विभागणाऱ्या कोणत्याही पेशींना मारतात. केसांच्या मुळांतल्या, तोंडाच्या अस्तरातल्या, आणि हाडांच्या मगजातल्या, जेथे रक्त तयार होते. गंमत अशी, की औषध दिल्याबरोबर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होत नाहीत. त्या १० ते १४ दिवसांनी सर्वांत कमी होतात. हे का, ते भातशेतीवाल्यांना चटकन समजेल. राब भाजून तयार केलेल्या वाफ्यातली रोपे मेली, तरी खाचरात आधीच लावलेले भात त्या दिवशी हिरवेगारच दिसते. तूट जाणवते ती पुढच्या लावणीला रोपे कमी पडतात तेव्हा. मगज हा रक्ताचा रोपांचा वाफा आहे. पांढऱ्या पेशींपैकी जंतूंशी लढणारा मुख्य प्रकार रक्तात जेमतेम दिवसभर टिकतो, रक्त गोठवणाऱ्या बिंबिका आठ-दहा दिवस आणि तांबड्या पेशी १२० दिवस. त्यामुळे पांढऱ्या पेशी लवकर घटतात आणि लवकर भरून येतात. रक्तक्षय मात्र हळूहळू येतो आणि हळूहळू जातो.

पांढऱ्या पेशी कमी असताना कापले तर जखम चिघळण्याची भीती. बिंबिका कमी असताना कापले तर रक्त थांबण्याची पंचाईत. म्हणून एका आलेखावर दोन रेषा काढा. एक रेषा शरीराच्या भरून येण्याची, दुसरी उरलेल्या रोगाच्या पुन्हा वाढण्याची. दोन्ही वरच चढतात. पहिली पुरेशी वर गेली आहे आणि दुसरी अजून खाली आहे, असा पट्टा डॉक्टर निवडतात. बहुधा तो शेवटच्या फेरीनंतर तीन ते सहा आठवड्यांचा असतो, आणि आठ आठवड्यांपलीकडे जाऊ नये असा सर्वसाधारण संकेत आहे.

या दिवसांत हृदयाचीही तपासणी करतात, कारण डॉक्सोरुबिसिन नावाचे लाल रंगाचे औषध हृदयाच्या स्नायूला अपाय करू शकते. छातीवरून श्राव्यातीत ध्वनी सोडतात आणि प्रतिध्वनींवरून हृदयाचे चित्र उमटवतात. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर. वारंवारता ३० लाख हर्ट्झ धरली, तर तरंगलांबी किती? अर्धा मिलिमीटर. म्हणून तर हृदयाच्या झडपा इतक्या स्पष्ट दिसतात.

सर्वांत मजेदार उपकरण म्हणजे तीन चेंडूंचे श्वासयंत्र. प्लॅस्टिकच्या तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक हलका चेंडू, आणि तोंडात धरायची एक लवचीक नळी. हवा आत ओढायची. सेकंदाला ६०० घन सेंटिमीटर वेगाने हवा गेली की पहिला चेंडू उचलला जातो, ९०० ला दुसरा, १,२०० ला तिसरा. वर जाणाऱ्या हवेचा रेटा चेंडूच्या वजनाएवढा झाला की चेंडू तरंगतो. आत्याच्या नातवाला वाटले, फुगा फुगवतात तशी यात फुंकर मारायची. तो गाल फुगवून लाल झाला, तरी चेंडू जागचा हलेना. आत्याने शांतपणे श्वास आत ओढून दोन चेंडू वर धरून दाखवले, तेव्हा घरात मोठा हशा पिकला. भुलीच्या अमलाखाली श्वास उथळ चालतो आणि फुप्फुसांतले तळाकडचे काही वायुकोश मिटून जातात. ते पुन्हा उघडण्याची सवय आधीपासून लावून घ्यायची, यासाठी हा खेळ. तिन्ही चेंडू झटक्याने आपटण्यापेक्षा एक-दोन चेंडू काही क्षण वर राखणे अधिक चांगले.

मिश्रीविषयी थोडे स्पष्ट लिहितो. आपल्याकडे पुष्कळ स्त्रिया भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना लावतात आणि ‘मी तंबाखू खात नाही’ असे डॉक्टरांना प्रामाणिकपणे सांगतात. मिश्री ही तंबाखूच आहे. तीतले निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळते, जखमेला प्राणवायू कमी मिळतो आणि ती उशिरा भरते. शस्त्रक्रियेच्या आधीचे चार आठवडे मिश्री सुटली तरी मोठे काम होते. ‘चांगले खाल्ले की गाठ पोसते’ हाही एक गैरसमज. जखम भरायला प्रथिने लागतात. डाळी, दूध, अंडी, मासे, जे घरात मिळेल ते खावे. आणि अंगणातल्या सदाफुलीचा पाला मात्र चघळू नये. सदाफुलीपासून विनक्रिस्टिन आणि विनब्लास्टिन ही कर्करोगावरची औषधे मिळतात हे अगदी खरे. पण ती पाल्यातून फार थोड्या प्रमाणात वेगळी काढावी लागतात आणि मिलिग्रॅममध्ये मोजून देतात. पाल्यात इतर विषारी द्रव्येही असतात.

शस्त्रक्रियेच्या दिवशी

आदल्या रात्रीपासून खाणे बंद ठेवायला सांगतात. घन अन्न निदान सहा तास आधी थांबवायचे. साधे पाणी, डॉक्टर म्हणतील तर, दोन तास आधीपर्यंत चालते. भुलीत पोटातले अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून ही काळजी. आपल्याकडे ‘उपास’ म्हटले की साबुदाण्याची खिचडी आठवते! तो उपास येथे चालत नाही.

हातांवर मेंदी नको, नखांना रंग नको. बोटाला लावायचा चिमटा तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकारचे प्रकाश बोटातून पार पाठवून रक्तातला प्राणवायू मोजतो. रंग त्यात अडथळा आणू शकतो.

दागिने काढायला सांगतात, तेव्हा खरी घालमेल होते. मंगळसूत्र आणि जोडवी काढणे ही आमच्या आत्याच्या पिढीला लहान गोष्ट वाटत नाही. कारण समजले तर थोडे सोपे जाते. आजचे शल्यविशारद पुष्कळसे काम विजेच्या सुरीने करतात. तिचा प्रवाह प्रत्यावर्ती असतो आणि वारंवारता काही लाख हर्ट्झ असते. घरातली वीज ५० हर्ट्झची. इतक्या जलद प्रवाहाला चेता आणि स्नायू प्रतिसाद देत नाहीत, म्हणून झटका बसत नाही. पण टोकाशी उष्णता निर्माण होऊन ऊतक कापले जाते आणि रक्तवाहिन्या बंद होतात. प्रवाह परत जाण्यासाठी रोग्याच्या मांडीखाली किंवा पाठीला एक रुंद पट्टी चिकटवतात. रुंद का? क्षेत्रफळ मोठे असले की प्रवाहाची घनता कमी होते आणि चटका बसत नाही. अंगावरचा धातूचा दागिना टेबलाच्या धातूला कोठे टेकला, तर प्रवाहाला आडवाट मिळू शकते, आणि तेथे स्पर्शाचे क्षेत्रफळ अगदी लहान असल्याने भाजते. आधुनिक यंत्रांत हा धोका पुष्कळ कमी झाला आहे, तरी तो पत्करण्यात शहाणपण नाही. काचेच्या बांगड्या वीजवाहक नसतात. त्या काढतात त्या हाताला सुई लावायची असते आणि सूज येऊ शकते म्हणून. आत्याने मंगळसूत्र काढून सुनेच्या गळ्यात घातले आणि “परत घेनार हाय हां” असे बजावले.

गाठ नाहीशी झाली, मग नेमके कोठे कापायचे हे कसे ठरवतात? यासाठी रसायनोपचार सुरू होण्यापूर्वी किंवा गाठ लहान होऊ लागताच तिच्या मध्यभागी टायटॅनियमसारख्या धातूची तांदळाच्या कणीएवढी खूण ठेवतात. ती क्ष-किरणांच्या चित्रात दिसते. काही ठिकाणी त्वचेवर गोंदणासारखे ठिपके देऊन मूळ गाठीची कड आखून ठेवतात. काखेतल्या कोणत्या लसीकाग्रंथीत रोग प्रथम पोचला असेल, हे शोधण्यासाठी निळा रंग किंवा टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सर्गी द्रव्य टोचतात आणि कोणती ग्रंथी ते प्रथम शोषते ते पाहतात. टेक्नेशियमचा अर्धायुकाल सहा तास. २४ तासांनी किती उरेल, हे आता तुम्ही तोंडी सांगू शकाल.

परळहून आलेली आणखी एक बातमी येथे सांगितलीच पाहिजे. २०११ ते २०२२ या काळात टाटा रुग्णालयाने देशातील इतर काही केंद्रांसह १,६०० स्त्रियांवर एक साधा प्रयोग केला. निम्म्यांना गाठ कापण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन टोचले. दात काढताना टोचतात तेच, स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे औषध. पाच वर्षांनंतर लिग्नोकेन घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी ८६.४ टक्के. एवढ्याशा सुईने एवढा फरक! मी उत्साहाने हे आत्याच्या मुलाला सांगितले, तेव्हा त्याने विचारले, “मग आईला देतील का?” प्रश्न रास्त होता. पण या प्रयोगात आधी रसायनोपचार न घेतलेल्या स्त्रियाच होत्या. आधी औषध घेतलेल्या गाठीला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. त्यासाठी वेगळा प्रयोग हवा. प्रयोग कोणावर झाला, हे पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर दुसऱ्याला लावू नये, हे आम्ही प्रयोगशाळेत मुलांना नेहमी सांगतो.

शस्त्रक्रियेत काढलेला भाग विकृतिशास्त्रज्ञाकडे जातो. तो भाग रसायनात मुरवून, मेणात बसवून, त्याच्या तीन ते पाच मायक्रोमीटर जाडीच्या चकत्या काढतात. केसाची जाडी ७० मायक्रोमीटर धरली, तर एका केसाच्या जाडीत अशा चौदा ते तेवीस चकत्या मावतील. चकत्या रंगवून एकेक सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, म्हणून अहवालाला काही दिवस लागतात. किती पेशी जिवंत उरल्या होत्या, यावरून पुढे आणखी कोणते औषध द्यायचे, हे काही प्रकारच्या गाठींत ठरते.

आत्याचा अहवाल दहाव्या दिवशी आला. हाताला जेथे काहीही लागत नव्हते, तेथे बराचसा भाग व्रणतंतूंचा होता, आणि त्या तंतूंमध्ये जिवंत पेशींचे तीन पुंजके होते. सर्वांत मोठा चार मिलिमीटरचा. कापलेल्या कडा चारी बाजूंनी स्वच्छ होत्या.